आप्पांची झडप आणि खोटं जग

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे नमस्कार खुर्चीत बसूनच, पण भाव साष्टांगाचा समजावा). तुझी तब्येत बरी असेल, भाऊजींचं पित्त आवाक्यात असेल आणि लाँड्री जोरात चालली असेल अशी आशा करतो. इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. पुढचं वाचलंस की ते वाक्य खोडून टाक. मी कागदावर लिहितोय याचं तुला नवल वाटेल. पण तू या घरचा फोन उचलत नाहीस, आणि मेसेज केला तर अंगठा पाठवतेस. गेल्या महिन्यात 'आप्पांना जिना चढताना दम लागतो' असं कळवलं, त्यावरही अंगठाच आला. तो 'कळलं' या अर्थाचा होता की 'छान झालं' या अर्थाचा, यावर माझा आणि तुझ्या भावजयीचा जेवण होईपर्यंत वाद चालला होता. कागदाला अंगठा दाखवता येत नाही (दाखवलास तरी मला दिसणार नाही), म्हणून हा सगळा खटाटोप.

जुना विषय मी काढणार नाही. आप्पांनी नोकरीत असताना भाऊजींच्या नव्या लाँड्रीचा बॉयलर 'दुसरा कोणी गेला तर ओळखीनं पास करेल' म्हणून स्वतः जाऊन तपासला, उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्याला सील ठोकलं, आणि वर 'जावयांनी मनाला लावून घेऊ नये' म्हणून बिस्किटांचा पुडा पाठवला, यातलं मी काहीही काढणार नाही. 'या घरात बाप राहत नाही, बॉयलर इन्स्पेक्टर राहतो' असं म्हणून तू जी गेलीस ती गेलीस, तेही काढत नाही. एवढंच सांगतो की इन्स्पेक्टर रिटायर झाला तरी घरातून हललेला नाही. तुझी भावजय कुकर लावते तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दारात हात मागे बांधून उभा असतो, आणि शिट्टी झाली की मान हलवतो. ती बिचारी इतक्या वर्षांत एकदाही काही बोलली नाही, पण हल्ली भात पातेल्यातच करते.

तर आप्पांच्या हृदयाची एक झडप बिघडली आहे. डॉक्टर म्हणाले, झडप आकसलीय, रक्ताला पुढे जायला वाट पुरत नाही, बदलावी लागेल, आणि हे काम लांबवण्यासारखं नाही. डॉक्टर माणूस सज्जन, पण बॉयलर इन्स्पेक्टरसमोर 'झडप' हा शब्द काढायचा नसतो हे त्यांना कोण सांगणार? आप्पा सरसावून बसले. नवी झडप किती दाबाला तपासली? कोणी तपासली? कंपनीनंच? म्हणजे ज्यानं बनवली त्यानंच पास केली? डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं हृदयाचं चित्र पाहत बसलो. शेवटी डॉक्टरांनी कपाटातून नमुन्याची झडप काढून आप्पांच्या तळहातावर ठेवली. आप्पांनी ती उजेडाकडे धरली, बोटानं उघडझाप केली, आणि म्हणाले, काम स्वच्छ आहे. तिथल्या तिथे सही केली. येत्या शुक्रवारची तारीख ठरली. टॅक्सीत मी देवाचे आभार मानले, ते जरा लवकर झालं.

कारण त्याच आठवड्यात माझ्या लेकीनं, म्हणजे तुझ्या भाचीनं, आजोबांचं मन रमावं म्हणून त्यांना सिनेमाला नेलं. हल्ली कॉलेजातली सगळी पोरं ज्या सिनेमामागे वेडी झाली आहेत तोच तो. एका शहरातली माणसं कामाला जातात, भांडतात, लग्नं करतात, आणि हळूहळू असं निघतं की शहर मुळात नाहीच. सगळं एका यंत्रात चाललंय. शेवटी नायकाचं ऑपरेशन होतं, भूल उतरते, तो डोळे उघडून हसतो, आणि तिथेच थिएटरातले दिवे लागतात. तो बाहेरच्या खऱ्या जगात जागा झाला की यंत्रातच राहिला, हे सांगायचं काम दिग्दर्शकानं प्रेक्षकांवर सोडलंय (मी उद्या चष्म्याची नुसती फ्रेम दिली आणि काचा तुमच्या तुम्ही समजा म्हणालो, तर चालेल का?). त्यावरून आता इंटरनेटवर रोज धुमश्चक्री. कोणी म्हणतो, शेवटच्या प्रसंगात कोणाचीच सावली पडत नाही. कोणी म्हणतो, रस्त्यावरून तीच बाई तीनदा जाते. आणि भाचीचा आवडता तर्क असा, की यंत्र कंजूष असतं. माणसाला जे अपेक्षित असेल तेवढंच ते तयार करतं, कारण अनपेक्षित काही बनवायला त्याला फार मेहनत पडते. नायकाला वाटतं नर्स हसेल, नर्स हसते. वाटतं डॉक्टर 'सगळं छान झालं' म्हणतील, डॉक्टर तेच म्हणतात. म्हणजे तो आतच अडकलाय. हे तिनं चहा पिताना हातवारे करून सांगितलं. आप्पा कप खाली ठेवून म्हणाले, पुन्हा सांग.

इथून आमच्या नाकी नऊ आले. तुला आप्पांचा नियम पाठ असेल. बॉयलरवर दाब दाखवणारं ते गोल गेज असतं ना, ते बरोबर आहे का हे त्याच बॉयलरला विचारायचं नाही. बाहेरून दुसरं गेज आणायचं, शेजारी लावायचं, दोन्ही काटे जुळले तरच सही. हा नियम त्यांनी जन्मभर बॉयलरला लावला, आता जगाला लावला. म्हणाले, मी या जगाच्या आत आहे, तेव्हा माझं गेज आतलं. या घरात रोज जे होईल असं मला वाटतं तेच होतं. भूल दिल्यावर मी खरा उठलो की यंत्रातला उठलो, हे कशावरून ठरवायचं? दुसरं गेज दाखवा. एक, एकच गोष्ट मला अपेक्षित नसलेली घडवून दाखवा, मी स्वतःच्या पायांनी चालत ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन झोपतो. तोवर काम स्थगित. आणि डॉक्टरांच्या कागदावर लाल पेन्सिलीनं 'स्थगित' असा शेरा मारून तो खिळ्याला टांगला. मी हसलो. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ, जाईल.

खूळ गेलं नाही, दिवस मात्र जायला लागले. मग आम्ही कंबर कसली. पहिला मान तुझ्या भावजयीचा. तिनं आप्पांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. आप्पांनी चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला, मिशी पुसली, आणि म्हणाले, सकाळपासून तुम्ही दोघं कुजबुजत होतात, तेव्हाच वाटलं होतं. (हृदयाच्या दुखणाइताला मीठ वर्ज्य, हे तिला कप विसळताना आठवलं. दिवसभर ती काहीतरी निमित्त काढून त्यांची पावलं सुजलीत का ते पाहून येत होती.) मग मी. त्यांचं लोखंडी कपाट ते उठायच्या आत या भिंतीपासून त्या भिंतीला न्यायचं ठरवलं. नेलं म्हणजे निम्म्यापर्यंत नेलं, पुढे कंबर गेली. मी जमिनीवर, कपाट खोलीच्या मधोमध, आणि आप्पा पलंगावर उठून बसलेले. म्हणाले, रिकामं न करताच ओढलंस ना? तू ओढणारच. शाळेत होतास तेव्हापासून तुझं हेच. आणि मला शेकायला गरम पाण्याची पिशवी त्यांनीच आणून दिली, ती भरायला जाता-येताना दोनदा भिंतीला टेकून उभे राहिले. 

मग मी माझ्या मते हुकमाचं पान काढलं. शिट्टीसाहेब तुला आठवतात? आप्पांच्याच ऑफिसातले, बोलताना दातांतून हवा जाते ते. बॉयलरची झडप तापलेली असताना तपासावी की थंड असताना, यावरून दोघांचं आयुष्यभर हाडवैर. मी त्यांच्या घरी गेलो, हातापाया पडलो, म्हटलं, फक्त एकदा येऊन आप्पांना 'तुमचं बरोबर होतं' एवढं म्हणा. यापेक्षा अनपेक्षित गोष्ट या जगात काय, त्या जगातही घडणार नाही. माणूस दिलदार, आला. चहा झाला. आप्पांनी त्यांना दुसऱ्या गेजची गोष्ट सांगितली. शिट्टीसाहेब ऐकता ऐकता पुढे सरकले, मान डोलवायला लागले, आणि थोड्या वेळानं खरोखरच म्हणाले, तुमचं बरोबर आहे. पण झडपेबद्दल नव्हे, यंत्राबद्दल. आणि आप्पांवर त्याचाही परिणाम शून्य. म्हणाले, पटणारच, माणूस हेकट आहे पण मूर्ख नाही, हे मी पहिल्यापासून ओळखून आहे. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. आता दोघं रोज संध्याकाळी गॅलरीत खुर्च्या टाकून बसतात आणि रस्त्यावरची कुठली गाडी पुन्हा पुन्हा जाते यावर नजर ठेवतात. एक पांढरी व्हॅन त्यांना फार संशयास्पद वाटते (ती समोरच्या दुकानाची दुधाची व्हॅन आहे, हे मी सांगून पाहिलं, तर म्हणाले, तू हेच सांगणार).

त्यात भाचीनं गंमत म्हणून आजोबांचं म्हणणं त्या सिनेमावाल्या पोरांच्या साइटवर टाकलं. झालं. आप्पा रातोरात 'गेजआजोबा' झाले. परवा तिघं जण खाली माझ्या चष्म्याच्या दुकानात आले. मला वाटलं गिऱ्हाईक. एकाला खुर्चीत बसवून पार खालच्या ओळीपर्यंत अक्षरं वाचायला लावली, तेव्हा तो म्हणाला, काका, आम्ही आजोबांना भेटायला आलोय. वर गेले, आप्पांच्या पुढ्यात जमिनीवर बसले. मीही मागून गेलो. पोरं वाईट नव्हती, पण त्यातला एक अगदी कळवळून म्हणाला, आजोबा, ऑपरेशन करू नका. नंतर जे उठतील ते तुम्ही नसाल, आणि या घरच्यांना फरक कळणारसुद्धा नाही. तुझी भावजय हात पुसत बाहेर आली. तिचा आवाज चढलेला मी लग्नानंतर ऐकलेला नाही, तेव्हाही चढला नाही. ती म्हणाली, तुमच्या घरी म्हातारं माणूस असेल ना, त्याला जाऊन सांगा हे. पोरं निघून गेली. मग ती आत जाऊन नळ सोडून रडत बसली, आणि भाची दाराशी उभी राहून ते ऐकत होती. तिनं तो सगळा पसारा फोनवरून काढून टाकलाय. धड जेवत नाही. आपल्यामुळेच हे झालं असं तिनं घेतलंय, आणि कितीही समजावलं तरी पालथ्या घड्यावर पाणी.

आता कालचं सांगतो, मग पुरे. दुपारी दुकानात एका गृहस्थांचे डोळे तपासत होतो. आप्पा खाली आले, काच घासायच्या मशीनपाशी कान लावून उभे राहिले, म्हणाले, बेअरिंग वाजतंय, आणि परत वर निघाले. मी गृहस्थांच्या नाकावर ती तपासणीची जड फ्रेम चढवली होती, एकेक काच घालून 'आता कसं, आता कसं' विचारत होतो, आणि माझ्या लक्षात आलं की जिन्यातला पावलांचा आवाज थांबलाय. वरचं दार वाजलेलं नाही. मी धावलो. आप्पा वळणावरच्या पायरीवर बसले होते. ओठ शाईनं माखल्यासारखे. त्यांनी माझं मनगट धरलं, ते इतकं घट्ट की मला सोडवता येईना, आणि श्वास काही केल्या खाली उतरेना. ताई, मी घाबरलो. त्या वेळी मला एकच दिसत होतं, की हे असेच या पायरीवर जाणार आणि मी बघत राहणार. कितीतरी वेळानं श्वास लागला. घाम पुसत पहिलं वाक्य काय बोलले असतील? म्हणाले, हेही अपेक्षितच होतं. तेव्हा माझं डोकं फिरलं. आप्पांसमोर मी कधी आवाज काढलेला नाही, तुला माहीत आहे. काल ओरडलो. म्हटलं, तुम्ही यंत्रात मेलात काय आणि यंत्राबाहेर मेलात काय, मी पोरका व्हायचा तो होणारच ना? खाली ते गृहस्थ एका डोळ्यावर काळी चकती लावलेल्या अवस्थेत जिन्याशी येऊन वर बघत होते. आप्पांनी माझं मनगट सोडलं. मग म्हणाले, बेअरिंग बदलून घे.

आज सकाळी डॉक्टरांचा फोन आला होता. शुक्रवार सोडला तर पुढची तारीख लांबची आहे, आणि तितके दिवस झडप तग धरेल याची खात्री ते देत नाहीत. कागद अजून खिळ्याला आहे, शेरा अजून लाल आहे. आमचा सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय, आणि ज्याच्यासाठी लागलाय तो गॅलरीत दुधाची व्हॅन मोजतोय. असो. तुला उगाच घोर लावायचा हेतू नाही. मागणं एवढंच, की आईची ती लोकरीची शाल तुझ्याकडे असेल तर कुरियरनं पाठव. हॉस्पिटलात गारठा असतो, आप्पांना लागेल. म्हणजे गेले तर.

भाऊजींना नमस्कार. कपड्यांच्या वाफेपासून डोळे सांभाळायला सांग, आणि चष्मा लागला तर दुसरीकडून करू नका.

तुझा,
धाकटा

ता. क. शालीचं मी उगाच लिहिलं. शाल इथेच आहे, आप्पांच्या उशाशी. खरं ते सांगतो. काल त्या जिन्याच्या प्रकारानंतर भाची आप्पांच्या पलंगापाशी बसली होती. तिनं विचारलं, आजोबा, आत्या आली तर ते अनपेक्षित होईल का? तोपर्यंत या घरात तुझं नाव निघालं की कोणीतरी उठून पाणी प्यायला जायचं. काल कोणी उठलं नाही. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला (काच स्वच्छ होती, मीच सकाळी धुऊन दिली होती). म्हणाले, ती येणार नाही. या घरात तेवढी एकच गोष्ट सगळ्यांना पक्की ठाऊक आहे. मग भिंतीकडे तोंड करून झोपले. ताई, दुसरं गेज बाहेरूनच आणावं लागतं, आणि या घरातून बाहेर गेलेली तू एकटीच आहेस. बॉयलरचं काय ते मनात तसंच ठेव, मी माफ कर म्हणत नाही. पण ये. शुक्रवारच्या आत ये.

ता. क. आणखी एक. येण्याआधी फोन करू नकोस, नाहीतर अनपेक्षित कसं होणार? थेट वर ये. तुला बघून ते 'मला वाटलंच होतं' म्हणतील. म्हणू दे, त्यावरून भांडून परत जाऊ नकोस, निदान शुक्रवारपर्यंत तरी. कुरियरवाला येईल म्हणून मी खाली दुकानात पाकीट आणायला जातो. आप्पा दुपारचे झोपलेत, तेव्हा पत्र टेबलावर उपडं ठेवतोय.

ता. क. (हे अक्षर माझे आहे. मी झोपलेलो नव्हतो.) सदर पत्र वाचले. मजकूर सर्वसाधारणपणे बरोबर आहे. व्हॅन मी मोजत नाही, शिट्टीसाहेब मोजतात. चिरंजीवांच्या माहितीत एक त्रुटी आहे ती अशी, की तो चित्रपट मी पाहिलेला नाही. हल्ली आडवे झाले की जीव घाबरतो, म्हणून रात्री झोप होत नाही. थिएटरमधली खुर्ची चांगली होती. दिवे मालवले आणि मला जी झोप लागली ती नातीने हलवून उठवेपर्यंत. यंत्र वगैरे मला पटलेले नाही. परंतु भूल देण्यापूर्वी तुला एकदा बघावे असे वाटत होते, आणि ते घरात कसे सांगावे ते कळेना. तारीख पुढे ढकलण्यास दुसरे कारण सापडले नाही. मुलांना हे सांगू नये, त्यांनी फार मेहनत घेतली आहे. पत्राची घडी मीच घालून ठेवत आहे, चिरंजीव ती उघडणार नाहीत. तुझ्या बॉयलरबाबत माझे मत कायम आहे. काल जिन्यात हा फार घाबरला, ते बघवले नाही, तेव्हा शुक्रवारी मी जाणार आहे. तू आली नाहीस तरी जाणार आहे. आलीस तर मला आनंद होईल. तो चेहऱ्यावर दिसला नाही, तरी झालेला आहे असे समजावे.